आडनावाला बसणारं नाव

“आडनाव काय म्हणालात?” पन्ह्याचा पेला ओठांपाशी नेता नेता नित्सुरेबुवा थांबले.

“आठवले,” माझा धाकटा भाऊ वामन म्हणाला.

“आणि वडिलांचं नाव?”

“केशव. चार वर्षं झाली त्यांना जाऊन. ही माझी मोठी बहीण, अक्का. आमच्या हिला माहेरी आई नाही, म्हणून बाळंतपण करायला सांगलीहून आलीय.”

बुवांनी मला नमस्कार केला, पण त्यांचं लक्ष नव्हतं. ते तोंडातल्या तोंडात काहीतरी घोळवत होते.

“केशव आठवले,” ते म्हणाले. मग वामनकडे बोट करून, “वामन आठवले.” आणि पेला खाली ठेवून त्यांनी मांडीवर अशी थाप मारली की पडवीतलं मांजर उठून पळालं. “अहो, हे आडनाव नव्हे, क्रियापद आहे! पोस्टमननं तुमच्या वडिलांच्या पत्रावरचं नाव वाचलं, की त्या पोस्टमनच्या पदरात नामस्मरणाचं पुण्य! आम्ही दोन दोन तास घसा फोडतो तेव्हा कुठे एखाद्याला केशव आठवतो. तुमच्याकडे पाकिटावर लिहून येतो!”

तो पाडव्याचा दिवस होता. संगमेश्वराकडच्या आमच्या गावात रामाचं एक लहानसं देऊळ आहे, आणि पाडव्यापासून नवमीपर्यंत तिथे रोज संध्याकाळी पाच वाजता कीर्तन असे. त्या वर्षी नित्सुरेबुवा आले होते. मी लहानपणापासून कीर्तनवेडी. सासरी सांगलीत असताना एका बुवांच्या उत्तररंगासाठी मी तापात उठून गेले होते आणि नवऱ्याची चार दिवस बोलणी खाल्ली होती. त्यामुळे बुवा आमच्या पडवीत बसून आमच्याच नावांचं निरूपण करतायत, हे पाहून माझा ऊर भरून आला.

माजघरापलीकडच्या खोलीतून बारीक रडणं ऐकू आलं.

“मुलगा की मुलगी?” बुवांनी विचारलं.

“भाचा. नववा दिवस आज,” मी म्हटलं. “बारसं व्हायचंय.”

“मग आत्याबाई, जोखीम तुमच्यावर आहे,” बुवा हसत उठले. “असं नाव ठेवा, की वाक्य पुरं झालं पाहिजे. एवढं आडनाव देवानं दिलंय, त्याला शोभेल असं ठेवा.”

एवढंच ते बोलले आणि चपला घालून गेले.

मला मूलबाळ नव्हतं. लग्नाला बारा वर्षं झाली होती आणि आता कुणी विचारतही नसे. आत्या म्हणून पाळण्यापाशी उभं राहायचं, पोराच्या कानात कुर्र करायचं, नाव सांगायचं आणि पाठीत बायकांचे धपाटे खायचे, हा एक मान माझ्या वाट्याचा होता.

मी आत गेले. सरोज, माझी भावजय, शेगडीकडे पाठ करून बसली होती. मूल आठव्या महिन्यातलं. डॉक्टर म्हणाले होते, ऊब द्या, दूध थोडं थोडं पाजा, आणि देवावर हवाला ठेवा. चार पौंडांचं पोर. कुंचीत गुंडाळलं की चेहरा शोधावा लागे. पण डोळे मोठे होते, आणि ते सारखे काहीतरी शोधत असल्यासारखे फिरत.

“वन्सं,” सरोज म्हणाली, “सुहास कसं वाटतं? ह्यांनाही आवडलंय.”

“सुहास आठवले,” मी म्हणून पाहिलं. “म्हणजे हसू आठवले. मधे काय हसू हरवलं होतं?”

वामन दारात येऊन उभा राहिला होता. “अक्का, तसं पाहिलं तर विसरल्याशिवाय कुणाला काही आठवत नाही. तुझ्या त्या केशवालाही आधी कुणीतरी विसरलंच असणार.”

“तू गप्प बस. बाप झालास म्हणून शहाणा झाला नाहीस.”

“बरं. मग आनंद?”

“आनंद आठवले! वा! म्हणजे सध्या सुतक चाललंय.”

मीच बोलले ते. अजून माझ्या कानात आहे. तेव्हा आम्ही तिघंही हसलो होतो, सरोज तर टाके दुखतात म्हणून पोट धरून.

“देवाचं नाव हवं,” मी म्हटलं. “ऐकणाऱ्याला वाटलं पाहिजे, की अरे, खरंच आठवला. आणि हे बघ, बाराव्या दिवसाची घाई कशाला? नवमीला करू. दुपारी बाराला देवळात रामाचा पाळणा हलेल, संध्याकाळी आपल्याकडचा. बुवा स्वतः येतील घरी. असा योग पुन्हा येतो का?”

सरोजचं हसू ओसरलं. “म्हणजे अजून आठ दिवस?”

“बाराव्याच्या हिशेबानं पाचच जास्त.”

“तोवर मी ह्याला काय म्हणू?”

“काय म्हणायचंय? बारशाआधी नावानं हाक मारायचीच नसते.”

“तो बघतो, वन्सं. मी बोलले की मान वळवायला बघतो. खरंच सांगते. आणि तेव्हाच माझ्या जिभेवर काही नसतं.” तिनं पदराचं टोक बोटाला गुंडाळलं. “तुम्ही नवमीला हवं तसं वाजतगाजत ठेवा. मला आत्ता नुसतं सांगून ठेवा ना. मी बाहेर कुणाला कळू देणार नाही. एकटी असताना त्याला म्हणेन.”

“नाव काय असं चोरून घेतात?” मी म्हटलं. “धीर धर जरा. जन्मभर हाका मारायच्यात.”

तिनं पोराची कुंची सारखी केली. सासू नसलेल्या घरात मीच मोठी होते, आणि बाळंतपण माझ्या हातचं होतं.

मग माझे दिवस कसे गेले म्हणून सांगू! सकाळी तेल, पाणी, ओव्याची धुरी, खीर. पाच वाजले की शेजारच्या काकूंना सरोजपाशी बसवून मी देवळात पुढच्या रांगेत. बुवा उभे राहिले, चिपळ्या वाजल्या की माझ्या अंगावर एरवी काटा येई. त्या वर्षी आला नाही. बुवांच्या तोंडून देवाचं एकेक नाव निघे आणि मी त्याला मनातल्या मनात आमचं आडनाव जोडून बघे. गोविंद आठवले. छान, पण समोरच्या दामल्यांकडे गोविंद आहे. दामोदर आठवले. फार जुनं. मुरलीधर आठवले. अहाहा, म्हणताना बासरीच वाजते, पण चार पौंडांच्या पोराला जड. घरी येऊन ती नावं मी जुन्या वहीच्या मागच्या पानांवर लिही. कथा द्रौपदीची चाललीय की अहिल्येची, हे कुणी विचारलं असतं तर मला सांगता आलं नसतं.

एकेचाळीस नावं झाली.

चतुर्थीला बारावा दिवस उजाडला आणि गेला. सरोजनं त्या दिवशी नुसतं विचारलं, “झालं का काही ठरून?”

“दोनावर आलंय,” मी म्हटलं. “माधव आणि श्रीहरी.”

“माधव चांगलं आहे की.”

“थांब गं. बुवांना विचारू दे.”

षष्ठीला कीर्तन संपल्यावर मी बुवांना देवळाच्या पायरीवर गाठलं. ते उपरण्यानं घाम पुसत होते. मी वही पुढे केली. त्यांनी ती चष्म्यातून वरून खाली, खालून वर पाहिली, आणि मिटून माझ्या हातात दिली.

“अहो आत्याबाई, मी आपली चेष्टा केली हो. लोक हसले की आम्हाला बरं वाटतं, ती सवयच लागते जिभेला. तुम्ही हे एवढं मनावर घेतलंत?”

“पण खरंच होतं ते, बुवा.”

“कौसल्येनं काय आडनाव बघून नाव ठेवलं होतं का?” ते म्हणाले. “नाव म्हणजे हाक. आईच्या तोंडात बसलं की झालं. आज घरी गेल्यावर तिलाच विचारा आणि तेच ठेवा.”

मला ते फारसं रुचलं नाही. एवढी एकेचाळीस नावं काढली आणि बुवांनी वही मिटून दिली! मी घरी आले ती फुरंगटूनच. सरोजला काही विचारलं नाही. मनात म्हटलं, नवमीला अजून तीन दिवस आहेत.

त्या संध्याकाळी पोरानं दूध ओढायचं सोडलं.

आधी वाटलं, झोपेत आहे. सरोजनं तळव्यांना चोळलं, गालाला बोट लावलं. तोंड उघडे, पण ओढण्याचा जोर नव्हता. चमच्यानं घातलेलं दूध ओठांच्या कडेनं परत आलं. वामन सायकल घेऊन डॉक्टरांना आणायला गेला. ते आले, शेगडी आणखी जवळ घ्यायला सांगितली, पावडरीचं काहीतरी दिलं. जाताना वामनला अंगणात नेऊन काय बोलले ते मी विचारलं नाही.

सप्तमीला सकाळी, साडेआठच्या सुमाराला, पोर सरोजच्या मांडीवर गेलं. आवाज असा काही झालाच नाही. सरोज म्हणाली, “वन्सं, बघा हो जरा,” आणि मी बघितलं.

एवढ्या लहानाला अग्नी देत नाहीत. नदीकाठी आमच्या लोकांची जागा होती, तिथे पुरतात. गावातले दोघंतिघं जण आले आणि अंगणात पिंपळाच्या पाराकडे तोंड करून उभे राहिले. वामन आत आला. त्यानं हात पुढे केले. सरोजनं मूल त्याच्याकडे दिलं नाही.

“अगं, ऊन होईल,” तो म्हणाला. त्याला दुसरं काही सुचलं नसावं.

सरोजनं माझ्याकडे पाहिलं. रडत नव्हती ती. कुंचीची कड तिनं पोराच्या कानावरून बाजूला केली.

“वन्सं, याच्या कानात नाव सांगा.”

मी जागची हलले नाही.

“सांगा ना. बिननावाचा जाऊ देऊ नका. माधव सांगा, नाहीतर ते दुसरं सांगा, तुमच्या मनात असेल ते सांगा. मान तुमचाच आहे.”

मी तिच्यापाशी गुडघे टेकून बसले. मूल माझ्याजवळ धरलं होतं तिनं. ओव्याचा वास येत होता त्याला, अजून. मी त्याच्या कानाला तोंड लावलं. कुर्र केलं. कुणी पाठीत धपाटे घातले नाहीत. मग मी त्याच्या कानात जे सांगायचं ते सांगून मान वर केली.

सरोजनं विचारलं नाही काय सांगितलंत म्हणून. तिनं डोळे मिटले आणि मूल वामनच्या हातात दिलं.

नवमीच्या दिवशी मी देवळात गेले नाही. सुतक मला लागत होतं की नव्हतं, मी कुणाला विचारलंच नाही. सरोज भिंतीकडे तोंड करून पडली होती. पान्हा दाटून तिला ताप भरला होता, आणि मी तिच्या छातीवर गरम कापडानं शेक देत होते. बाराला देवळात घंटा झाली, बायकांनी पाळणा म्हटला. वारा आमच्या बाजूचा होता, त्यामुळे शब्द न् शब्द ऐकू आला. मी उठून खिडकी लावली, तर सरोज म्हणाली, “राहू द्या, वन्सं. त्या रामानं काय केलंय?” मी पुन्हा उघडली.

संध्याकाळी बुवा आले. पडवीत आले ते सतरंजीवर न बसता पायरीवरच बसले. मी पाणी दिलं, ते तसंच हातात राहिलं.

“मला परवाच कळलं,” ते म्हणाले. “कालचं आणि आजचं कीर्तन कसं केलं ते माझं मला माहीत.” मग हातातला पेला फिरवत, “आत्याबाई, ती चेष्टा मी केली नसती तर...”

“तुमचा काय दोष, बुवा? तुम्ही षष्ठीलाच सांगितलं होतंत मला.”

त्यांनी विचारलं असतं तर मी त्यांना सारं सांगितलं असतं. त्यांनी विचारलं नाही. पाण्याचा पेला खाली ठेवला, आतल्या खोलीच्या दिशेनं हात जोडले आणि गेले. पुढे त्यांची कितीतरी कीर्तनं मी ऐकली, मागच्या रांगेत बसून.

दोन वर्षांनी सरोज पुन्हा बाळंत झाली. या खेपेला मला बोलावणं होतं ते फक्त बारशाचं. बाळंतपणाला तिनं मावशीला आणून ठेवलं होतं. मी त्यात काही वावगं मानलं नाही. मुलगी होती, चांगली सात पौंडांची, घसा खणखणीत. बाराव्या दिवशी सकाळी मी एस.टी.तून उतरले तेव्हा ओटीवर पाळणा टांगून झाला होता, आणि वामन स्टुलावर चढून त्याला झेंडूच्या माळा बांधत होता.

“आलीस? चल, लवकर तयार हो,” तो वरूनच म्हणाला. “आत्याशिवाय खोळंबलंय.”

मी आत सरोजपाशी गेले. ती मुलीला अंगडं घालत होती.

“सरोज, तुझ्या मावशीच्या मुलीला पुढे कर,” मी दार लोटून घेत म्हटलं. “नाव ती ठेवेल. मी पेढे वाटते, घुगऱ्या वाटते, सांगशील ते करते.”

“का?”

“माझा हात चांगला नाही त्या कामाला.”

“काहीतरीच.” तिनं मुलीचा एक हात अंगड्याच्या बाहीतून ओढून काढला. “नाव मी ठरवलंय. पहिल्या दिवसापासून हाक मारतेय. वीणा. तुमचं ते वाक्य होत नाही, मी म्हणून बघितलं. वीणा आठवली, असं पाहिजे ना? आठवले नाही चालत. मुद्दाम घेतलंय.” ती जराशी हसली. “तुम्ही नुसतं कानात सांगायचंय. त्याच्या कानात सांगितलंत, तसं हिच्याही सांगा. तेवढं तरी दोघांचं एक असू दे.”

मी पलंगाच्या कडेवर बसले.

“दोन वर्षांत तू मला कधी विचारलं नाहीस,” मी म्हटलं.

“काय?”

“मी काय सांगितलं ते.”

“ते त्याचं होतं,” ती म्हणाली. “मी म्हटलं, एक तरी गोष्ट त्याची त्याच्यापाशी राहू दे. कधी वाटतं माधव असेल. कधी वाटतं श्रीहरी. रोज देवापाशी दिवा लावते तेव्हा दोन्ही म्हणते. जे असेल ते पोचेल.”

आता खोटं बोलणं किती सोपं होतं. माधव, एवढं म्हटलं असतं की झालं असतं. तीन अक्षरं. आणि ती जन्मभर तेच म्हणत राहिली असती.

“सरोज, मी नाव नाही सांगितलं.”

टोपड्याचे बंद तिच्या बोटांत होते. ते तसेच राहिले.

“मला आठवलंच नाही गं. खरंच सांगते, देवाशपथ. एकेचाळीस नावं लिहिली होती, पाठ होती मला. त्याच्या कानाला तोंड लावलं आणि एक आठवेना. माधव तू तोंडानं सांगत होतीस, तरी ते कानापर्यंत आलं नाही. रामाचंसुद्धा नाव आठवलं नाही मला. कुर्र केलं आणि...”

“आणि?”

“नुसतं ‘बाळ’ म्हटलं.”

ओटीवर कुणीतरी वामनला माळ डावीकडे जास्त झाली म्हणून ओरडत होतं. सरोज खाली बघत होती.

“बाळ आठवले,” ती म्हणाली. शाळेत हजेरी घेताना म्हणावं तसं म्हणाली, सरळ, नाव आणि आडनाव. मग तिलाही त्यातलं वाक्य ऐकू आलं असावं, कारण तिनं ओठ घट्ट मिटून घेतले.

“माझं चुकलं,” मी म्हटलं. “तू पाडव्यालाच मागितलं होतंस.”

वीणानं हात झाडले, तेव्हा सरोजनं टोपडं नीट केलं, बंद बांधले, मुलीला उचललं आणि माझ्या मांडीवर ठेवलं. बराच वेळ तिचे हात मुलीच्या खाली, माझ्या मांडीवर तसेच होते.

“मी तरी दुसरं काय म्हणत होते त्याला?” शेवटी ती म्हणाली. “पंधरा दिवस तेवढंच म्हणत होते. तुमच्या चोरून, जवळ घेऊन.” आणि हात काढून घेता घेता म्हणाली, “म्हणजे कळली असेल त्याला. ओळखीची हाक होती.”